‘न्हाय’ची चिप्पी

खिळे जुळवणारा माणूस जन्मभर उलटं वाचतो. शिशाच्या खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं, ते कागदावर उमटलं की सुलटं होतं. भाईंदर पश्चिमेला, बाजारामागच्या गल्लीत चंपकशेठचा छापखाना होता. तिथे मी सोळा वर्षं उलटं वाचलं. आमचे मिस्टर म्हणायचे, हिच्याशी जपून बोलावं लागतं, सरळ बोललेलंही ही उलटं वाचते.

आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, म्हणून नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. समोर खणाखणांची लाकडी पेटी, तिला आम्ही केस म्हणायचो. एकेका खणात एकेका अक्षराचे खिळे. डाव्या हातात स्टिक नावाची लोखंडी पट्टी, उजव्या हाताने खिळा उचलायचा आणि तिच्यात उभा करायचा. ओळ भरली की दुसरी. ओळी जमल्या की कच्चा छाप काढायचा, ते प्रूफ. चुका काढल्या की सगळं लोखंडी चौकटीत घट्ट आवळायचं, तो फर्मा. फर्मा मशीनवर चढला की मग देवाचं नाव घ्यायचं. आमच्या घरात देव नाहीत, बुद्धवंदना असते, पण मशीनपुढे मीही हात जोडायची.

कारण आवळताना एखादा खिळा निसटतोच. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या एका सोसायटीची नोटीस आमच्याकडे होती, ‘उद्या दिवसभर पाणी येणार नाही.’ त्यातलं ‘नाही’ चौकटीतून कधी गळून पडलं कुणाला कळलं नाही. सोसायटीत कुणी एक बादली भरून ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी रिकामी बादली घेऊन छापखान्यात आले आणि ती त्यांनी शेठच्या टेबलावर ठेवली. तेव्हापासून ‘नाही’ या शब्दाचा मी धसका घेतला होता. पण खऱ्या ‘नाही’शी माझी गाठ पुढे पडायची होती.

उत्तनजवळच्या तारोडीचे इनास मास्तर आमच्याकडे पहिल्यांदा आले ते नव्वदच्या आसपास. उत्तनच्या बसने यायचे. पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वहीचे कागद आणि बहुतेक वेळा केळीच्या पानात बांधलेले सुके बोंबील. प्राथमिक शाळेतून रिटायर झाल्यावर चर्चमध्ये पोरांना धर्मशिक्षण द्यायचे. दर वर्षी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आला की ते सोळा पानांची पुस्तिका छापून घ्यायचे. उपवासकाळातल्या शुक्रवारी संध्याकाळी गावातली माणसं क्रुसापाशी जमायची आणि मास्तर त्यातलं एकेक प्रकरण वाचून दाखवायचे. पुस्तिकेत बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या गोष्टी असायच्या, मास्तरांनी आपल्या मराठीत सांगितलेल्या.

त्यांचं अक्षर! चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात. काना उभा, वेलांटी गोल, ह कुठे आणि य कुठे हे आंधळ्यानेही सांगावं. आमच्याकडे डॉक्टर, वकील, कवी सगळे यायचे, पण मी कुणाच्या हस्ताक्षराची वाट बघितली असेल तर ती मास्तरांच्याच.

मला वाटायचं, संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा. एकदा मी विचारलंही, “मास्तर, हे लोक पुढचं कसं काय सांगायचे?”

“पुढचा न्हाय सांगत ते, बाय,” मास्तर म्हणाले. “समोरचा सांगतात. राजा गरिबाची जमीन घेतो, न्यायाधीश लाच घेतो, पुजारी गप्प बसतो. हे सगळ्यांना दिसतच हाय. संदेष्टा फक्त तोंड उघडतो. देव बोलला सांग, तर तो सांगतो. मग राजा त्याला विहिरीत टाको, नायतर काय पण करो.”

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडायची. एका संदेष्ट्याने राजाविरुद्ध देवाचा निवाडा सांगितला आणि त्याच्या लेखनिकाने तो गुंडाळीवर लिहून घेतला. राजाला ती वाचून दाखवली, तर थंडीचे दिवस, राजा शेगडीपुढे बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की तो चाकूने तेवढा भाग कापायचा आणि विस्तवात टाकायचा. असं करत सगळी गुंडाळी जाळली. मग लेखनिकाने काय केलं? दुसरी गुंडाळी घेतली आणि संदेष्ट्याने सांगितलं तसं पहिल्यापासून सगळं परत लिहिलं.

“तो लेखनिक म्हणजे आमच्या बिरादरीतला,” मी म्हणाले.

“मंग? तूच ती!” मास्तर हसले. “तुजा काम तेच हाय, बाय. सांगितला तसा लिवायचा. कमी न्हाय, जास्त न्हाय.”

धंद्याचा नियमही हाच. मूळ कागदाला आम्ही कॉपी म्हणायचो आणि शेठने पहिल्या दिवशी मला एकच वाक्य शिकवलं होतं, “प्रभाबेन, कॉपीमधे गाढव लिखेला है तो गाढव लगाव. घोडा नहीं करनेका.” पण मला घोडा करायची खोड होती. ती कुठून आली तेही सांगते. मी नऊ वर्षांची असताना आम्ही मराठवाड्यातून इकडे आलो. माझी बोली ऐकून वर्ग हसायचा. बाईसुद्धा हसायच्या. मी हट्टाने ती जीभ घासूनपुसून पुस्तकी केली, इतकी की आईशी बोलतानाही ‘नाही’ म्हणायला लागले. मग दुसऱ्याच्या लिहिण्यात गावाकडचा शब्द दिसला की माझा हात शिवशिवायचा. लग्नपत्रिका असो की हँडबिल, मी गुपचूप शुद्ध करून टाकायची. लोकांचं भलंच करतेय असं वाटायचं मला.

एका वर्षी मास्तरांनी शेवटच्या प्रकरणात एका वेगळ्याच संदेष्ट्याची गोष्ट लिहिली होती. हा खेड्यातला साधा माणूस. पुढारी लोकांची शेतं लाटतात, बायकांना त्यांच्या घरांतून हुसकतात, आणि वर म्हणतात देव आमच्या बाजूने आहे. संदेष्टा त्यांच्या तोंडावर सांगतो की निवाड्याचा दिवस येतो आहे. पानभर ‘न्याय’ हा शब्द होता, निदान दहा वेळा. आणि पानाच्या शेवटी हे वाक्य, “पुढारी एकमेकांना सांगू लागले, आमच्या दारी न्हाय येणार.”

सोळा पानांत गावच्या बोलीतला हा एकच शब्द. आता मला कळतं, मास्तरांनी तो ठरवून ठेवला होता. पुढारी असतील कुठल्या लांबच्या देशातले, पण उद्दामपणे बोलतात तेव्हा आपल्याच गावच्या भाषेत बोलतात, हे त्यांना ऐकवायचं होतं. तेव्हा मला वाटलं, घाईत चुकले मास्तर. ‘न्याय’च लिहायचं असणार. न्हाय आणि न्याय यांत एका खिळ्याचा फरक. मी ‘हा’च्या खणाकडे निघालेला हात वळवला आणि ‘या’ उचलला.

प्रूफमध्ये मास्तरांनी ते पकडलंच असतं. पण त्या आठवड्यात त्यांच्या मिसेस आजारी होत्या. त्यांनी कंडक्टरच्या हाती चिठ्ठी पाठवली, “बाय, तू वाचलंस म्हणजे मी वाचलं. छापून टाक.” तीनशे प्रती छापल्या, साठेक छापखान्यात ठेवून बाकीच्या तारोडीला गेल्या.

आता तारोडीत त्या वेळी काय चाललं होतं ते सांगायला हवं. किनाऱ्यालगत एक मोकळी जागा आहे, मध्ये क्रूस आणि भोवती बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. गावच्या बायका आज्या-पणज्यांपासून तिथेच मासळी सुकवायच्या. कागद मात्र कुणाकडे नव्हता. त्या भागातल्या एका पुढाऱ्याने, त्यांना मी नुसतं भाऊसाहेब म्हणते, ती जागा आपली म्हणून सांगायला सुरुवात केली. बंगले बांधायचे होते. कुंपणाचे सिमेंटचे खांब रोवायला माणसं आली, तेव्हा रोजामावशी नावाच्या म्हातारीच्या नातीने पुस्तिकेतलं ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. झालं. बायकांना घोषणाच मिळाली. खांब रोवणाऱ्यांपुढे पन्नास बायका टोपल्या घेऊन उभ्या आणि ओरडतायत, “पुढाऱ्यांच्या दारी न्याय येणार!”

तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब जीपने छापखान्यात आले. आमच्याकडचं निम्मं काम त्यांचं असायचं, निवडणुकीची हँडबिलं, दिवाळीची शुभेच्छापत्रं, वाढदिवसाची पोस्टरं. हातात पुस्तिका. “शेठ, आपण मित्र ना? मग हे काय छापताय तुम्ही माझ्याविरुद्ध? धर्माच्या नावाने राजकारण करतोय तो मास्तर, आणि तुम्ही त्याला साथ देताय?”

शेठने ते पान वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. “प्रभाबेन, ये कॉपीमधे था क्या?”

मिस्टरांची कंपनी तेव्हा बंद पडली होती. दोन मुली शाळेत, आणि घर माझ्या पगारावर चाललेलं. मी म्हणाले, “बघावं लागेल.” बघायचं काहीच नव्हतं. मला पान आणि ओळ पाठ होती.

मास्तरांना निरोप गेला. ते दुपारच्या बसने आले, तोवर भाऊसाहेब शेठच्या खुर्चीत बसून राहिले. मास्तरांनी पुस्तिका हातात घेतली, ते वाक्य वाचलं आणि चष्म्यावरून क्षणभर माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं.

“मास्तर, हे तुम्ही लिवलंय?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“मी ‘न्हाय’ लिवला होता,” मास्तर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. अख्ख्या उत्तन भागात लोक सांगायचे, इनास मास्तरांनी कधी पोराच्या वयाचा खोटा दाखला दिला नाही, स्वतःच्या भाच्यालासुद्धा नाही.

“न्हाय?” भाऊसाहेब ताडकन उठले. “मग बदललं कोणी? मुद्दाम बदललंय. शेठ, मला तो माणूस पाहिजे. कुठाय तो मूळ कागद?”

कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. तो मी काढून आणला. शेठने हात पुढे केला, पण मास्तर मध्येच आले आणि त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“माजाच दोष हाय,” ते म्हणाले. “म्हाताऱ्याचा हात. ‘ह’ लिवायला गेलो आनि ‘य’ झाला. कोन पन वाचेल तरी ‘न्याय’च वाचेल. बायची चूक न्हाय.” आणि कागदाची घडी घालून त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली.

माझी चूक आहे, एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. जिचं काम आयुष्यभर शब्द जुळवायचं, तिला तीन शब्द जुळवता आले नाहीत. त्याची लाज आजही वाटते.

भाऊसाहेब जरा निवळले. मग म्हणाले, “ठीक आहे. मग दुरुस्त करा. मूळ होतं तसं करा, ‘न्हाय’ करा. एक पण प्रत तशी राहता कामा नये.”

“नक्की ‘न्हाय’ करायचा, भाऊ?” मास्तरांनी शांतपणे विचारलं. “पुढचा पान वाचलात का?”

“पुढचं मागचं मला नका सांगू. त्या ओळीत ‘न्हाय’ पाहिजे. आणि माझ्यासमोर.”

तर भाऊसाहेबांसमोर दुरुस्ती झाली. छापून झालेल्या पानावर शब्द बदलायचा तर धंद्यात एकच उपाय असतो, चिप्पी. शब्द वेगळा छापून, कापून चुकीच्या शब्दावर डकवायचा. मी तो शब्द जुळवायला घेतला. एका कागदावर साठ वेळा, न्हाय न्हाय न्हाय न्हाय. ज्या शब्दाला मी चूक समजले होते तो माझ्या हाताने साठ वेळा जुळवला. या वेळी एकही खिळा चुकला नाही. पाच कागद छापले, कात्रीने चिप्प्या कापल्या, मैद्याची खळ शिजवली. उरलेल्या साठेक प्रतींवर मास्तरांनी आणि मी बसून चिप्प्या लावल्या. बाकीच्या गावात गेल्या होत्या. भाऊसाहेबांनी आपली माणसं चिप्प्या आणि खळीचा डबा घेऊन तारोडीला धाडली. ती घरोघर जाऊन पुस्तिका मागायची, पान उघडायची आणि भाऊसाहेबांच्या आज्ञेने ‘न्याय’वर ‘न्हाय’ डकवायची. चिप्पीचं एक असतं, ती लपत नाही. बोट फिरवलं की लागते. ज्यांनी ते पान बघितलंही नव्हतं, त्यांनीही आता चार-चार वेळा वाचलं.

शेवटच्या शुक्रवारी मास्तरांनी मला मुद्दाम बोलावलं. मी मिस्टरांना आणि मुलींना घेऊन उत्तनच्या बसने गेले. सूर्य बुडायला आला होता. क्रुसाला झेंडूची माळ, बाजूला बांबूंवर बोंबील, आणि त्या पलीकडे कुंपणाचे रोवलेले खांब, तार अजून लागायची होती. भाऊसाहेबही आले होते. पुढच्या खुर्चीत बसले होते, आपला शब्द राहिला ते सगळ्यांना दिसावं म्हणून.

मास्तर वाचत होते. संदेष्टा खेड्यातून येतो, पुढाऱ्यांपुढे उभा राहतो. आवाज चढवणं नाही, हातवारे नाहीत, वर्गात धडा वाचावा तसं वाचत होते. त्या पानाच्या शेवटच्या ओळीशी आले. “पुढारी एकमेकांना सांगू लागले...” आणि थांबले. बायकांची बोटं चिप्पीवर गेलेली मला दिसली. आणि कुणी न सांगता पन्नास-साठ बायका एका आवाजात म्हणाल्या, “आमच्या दारी न्हाय येणार!”

भाऊसाहेब हसले. मास्तरांनी पान उलटलं.

पुढच्या पानावर संदेष्ट्याचं उत्तर होतं. तुम्ही असं म्हणालात म्हणूनच, तुमच्यामुळे, ज्या टेकडीवर तुमची घरं आहेत तिथे नांगर फिरेल, वाडे ढासळतील, वर रान माजेल. मास्तरांनी ते वाचलं आणि पुस्तिका मिटली. वाऱ्याने बोंबील बांबूवर वाजत होते. माना एकेक करून पुढच्या खुर्चीकडे वळायला लागल्या. ते वाक्य बायबलमधल्या पुढाऱ्यांचं होतं, पण घरोघर खळ लावून ते आपल्या नावावर कुणी करून घेतलं होतं हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. भाऊसाहेबांना ते तिथे, त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. चेहरा असा झाला की मलाच बघवेना. प्रार्थना संपायच्या आत ते उठून गेले.

न्याय आला असं मी म्हणणार नाही. खांबांना तार मात्र कधी लागली नाही. पुढच्या मोसमात बायकांनी त्या खांबांनाच दोऱ्या बांधून मासळी वाळत घातली. रोजामावशी म्हणायच्या, “भाऊनी आमाला खांब दिला, देव त्याचा भला करो.”

शास्त्राचा एक काना न बदलता, आवाज न चढवता, कुणाचं नाव न घेता त्या म्हाताऱ्याने हे केलं. मी छापखान्यात मोठेमोठे बोलणारे पाहिले, भाषणं करणारे, लेख लिहिणारे. सांगितलं तेवढंच सांगून स्वस्थ बसणारा हा एकच पाहिला.

माझं मात्र राहून गेलं होतं. नव्वदीच्या शेवटी कॉम्प्युटर आले, शेठने छापखाना बंद केला आणि सगळे खिळे किलोवर वितळवायला विकले. मी त्यांना विचारून तीन खिळे घेतले, अर्धा न, हा आणि य. रुमालात बांधून तारोडीला गेले. मास्तर फार थकले होते, ओट्यावर बसून होते. मी ते तीन खिळे त्यांच्या हातावर ठेवले आणि इतक्या वर्षांनी ते तीन शब्द बोलले. “माझी चूक होती. तुमचा ह अगदी स्वच्छ होता.”

“मला काय म्हाईत न्हाय?” मास्तर म्हणाले. “चाळीस वर्सं पोरांना ह शिकवला मी.”

“तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात.”

“बोललो. जन्मात एकदा. पाप हाय ते.” त्यांनी खिळे बोटांनी चाचपले, उलटं अक्षर वाचायचा प्रयत्न केला. “चर्चमध्ये फादरपुढं जाऊन सांगितला पन. फादर बोलले, मास्तर, पस्तावा झाला का? पस्तावा असंल तरच माफी हाय.”

“मग?”

“आता देवाच्या घरात बसून परत खोटा कसा बोलू, बाय? मी बोललो, न्हाय.”